पगारातून वसुली नको, उसनवारीची नोंद हवी : रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना खुले पत्र

मा. अधिष्ठाता महोदय,

विषय : वॉर्डांमधील उसनवार यंत्रसामग्रीची नोंद आणि परिसेविकांच्या वेतनातून वसुलीचे परिपत्रक

सविनय नमस्कार.

आपल्या सहीचे परिपत्रक प्रत्येक वॉर्डाच्या सूचनाफलकावर लागले आहे. वार्षिक पडताळणीत जडवस्तू संग्रह नोंदवहीप्रमाणे (वॉर्डाच्या टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीप्रमाणे) जे साहित्य कमी भरले, त्याची आजच्या बाजारभावाने किंमत काढायची आणि ती त्या वॉर्डाच्या परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या प्रमुख परिचारिकेच्या, पगारातून हप्त्याहप्त्याने कापायची, असा त्याचा आशय आहे. आम्ही याच रुग्णालयातल्या परिसेविका, अधिपरिचारिका आणि जैववैद्यकीय विभागातले तंत्रज्ञ आहोत. नोंदवहीवर सह्या आमच्या आहेत, यंत्रे रोज हाताळतो आम्ही आणि कापला जाणार आहे तो पगारही आमचाच आहे. याविषयी आम्ही लेखी निवेदन दिले. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहोत. वेळेला यंत्र सापडत नाही तेव्हा खाटेवर कोणाच्या तरी घरचा माणूस असतो, त्यामुळे हे रुग्णांनाही कळले पाहिजे.

कमी भरलेल्या साहित्यातले बरेचसे याच आवारात आहे, असे आमचे ठाम म्हणणे आहे. ते नेमके कोठे आहे हे सांगणारी एकही नोंद या रुग्णालयात नाही. ती व्यवस्था उभी करणे हे प्रशासनाचे काम आहे आणि ते न करता वसुली लावणे आम्हाला मान्य नाही.

यंत्र वॉर्डाबाहेर कसे जाते ते आधी सांगतो. मध्यरात्री मेडिसिन वॉर्डातल्या एका रुग्णाचा रक्तदाब उतरतो. नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करायचे, तर औषध ठरल्या वेगाने सोडणारा सिरिंज पंप हवा, कारण ते औषध तासाला किती मिलिलिटर जाते यावर सगळे अवलंबून असते. वॉर्डातले दोन्ही पंप दुसऱ्या रुग्णांना लागलेले आहेत. शेजारच्या सर्जरी वॉर्डातून वॉर्डबॉय मामा पंप घेऊन येतात. पहाटे रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवतात आणि पंप रुग्णासोबत जातो. चालू पंप काढून दुसरा लावायचा म्हटले, तर त्या एखाद-दोन मिनिटांतही रक्तदाब कोसळू शकतो. आता सर्जरीचा पंप मेडिसिनमार्गे आयसीयूत पोहोचला. पुढे त्या रुग्णाचा पंप सुटतो आणि बाजूच्या खाटेला लागतो. इथपर्यंत कोणाचीच चूक नाही. प्रत्येकाने रुग्णासाठी जे करायला हवे तेच केले आहे.

चूक आहे ती नोंदीत. सर्जरी वॉर्डाच्या टेबलावर शंभर पानी वही असते. तिच्यात त्या रात्रीची एक ओळ सापडते : ‘मेडि. ला १ पंप दिला’. खाली एका इंटर्नची न लागणारी सही. तारीख आहे, वेळ नाही. सहांपैकी कोणता पंप, ते नाही. खांबाला अडकवायचा क्लॅम्प आणि पॉवर कॉर्ड सोबत गेली का, ते नाही. परत कधी यायचा, ते नाही. मेडिसिनच्या वहीत घेतल्याची नोंद नाही आणि आयसीयूत तर या पंपाचा कागदच नाही. महिना-दोन महिन्यांत तो इंटर्न दुसऱ्या विभागात जातो आणि ती ओळ कोणालाच विचारता येत नाही. पंपाच्या पाठीवर पाहिले, तर चिकटपट्टीच्या तीन पट्ट्या एकावर एक दिसतात. वरची आयसीयूची, तिच्याखाली मेडिसिनची, सगळ्यांत खालची स्पिरिटने पुसून पुसून अर्धी गेलेली. ती सर्जरीची.

वर्षअखेरीस पडताळणी होते. सर्जरीत एक पंप कमी भरतो, आयसीयूत एक जास्त भरतो. कमी भरलेला अहवालात जातो, जास्त भरलेल्यासाठी अहवालात रकानाच नाही. आमच्या सगळ्या तक्रारींत हीच सर्वांत मोठी आहे. कमी आणि जास्त हे दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडले असते, तर वसुलीच्या यादीतल्या कित्येक ओळी त्याच दिवशी पुसल्या गेल्या असत्या.

दुसरी तक्रार नोंदवहीच्या रचनेविषयी. जडवस्तू संग्रह नोंदवहीत वस्तूचे नाव, मिळाल्याची तारीख, मागणीपत्राचा क्रमांक, दर आणि नग असतात. ‘सिरिंज पंप, नग ६’ अशी नोंद असते. उत्पादकाने यंत्रावर कोरलेला अनुक्रमांक बहुतेक पानांवर नाही. त्यामुळे वस्तू कोणाच्या नावावर आहे ते कळते, वस्तू कोणती ते कळत नाही आणि आज ती कोठे आहे हे सांगण्यासाठी ही नोंदवही बनलेलीच नाही. सहा दिले, सहा आले, हिशेब जुळला. दिलेला पंप हमीतला नवा होता आणि परत आलेला बॅटरी न धरणारा जुना आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. हमी, वार्षिक देखभाल करार, कॅलिब्रेशनचे (अचूकता तपासणीचे) प्रमाणपत्र, सगळे अनुक्रमांकाला बांधलेले असते. कंपनीचा अभियंता यादी घेऊन वॉर्डात येतो, तो अनुक्रमांक तिथे सापडत नाही, ‘यंत्र उपलब्ध नाही’ असा शेरा मारून सही घेऊन जातो. देखभालीचे पैसे भरलेले असतात आणि यंत्र मात्र दोन वॉर्ड पलीकडे कॅलिब्रेशनशिवाय चालत असते. तासाला ५ मिलिलिटर लावलेला पंप प्रत्यक्षात किती देतो आहे, याची मग खात्री कोणी द्यायची?

जोडसाहित्याची गोष्ट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. वॉर्डावॉर्डांतले निम्मे वाद तिच्यावरून होतात. मल्टिपॅरा मॉनिटर म्हणजे पाच तारांची ईसीजी केबल, एसपीओटू प्रोब (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा), रक्तदाबाची नळी, कफ, तापमानाचा प्रोब आणि पॉवर कॉर्ड. यातली नळी राहिली, तर रक्तदाब मोजता येत नाही, आणि एका कंपनीचा प्रोब दुसऱ्या कंपनीच्या मॉनिटरला बहुधा बसत नाही. लॅरिंगोस्कोपचे हँडल परत येते, तीन नंबरचे पाते येत नाही. अम्बू बॅग येते, मास्क येत नाही. फ्लोमीटर येतो, ह्युमिडिफायरची बाटली येत नाही. वहीत मात्र ‘परत आले’ एवढेच लिहिलेले असते.

ऑक्सिजन सिलिंडरबाबत तर परत आला एवढे लिहून भागतच नाही. बी टाईप सिलिंडरची पाण्याची क्षमता साधारण १० लिटर असते आणि पूर्ण भरलेला असताना त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने लावला, तर तो अडीच तास पुरतो. एक्स-रेला किंवा सीटी स्कॅनला रुग्ण नेण्यासाठी घेतलेला सिलिंडर पाऊण रिकामा होऊन परत येतो आणि भरलेल्यांच्या रांगेत उभा राहतो. त्याला ना ‘रिकामा’ची पाटी, ना दाबाची नोंद. सिलिंडर उघडायची चावीही बऱ्याचदा दुसऱ्या वॉर्डात राहिलेली असते. पुढच्या वेळी तोच सिलिंडर ट्रॉलीवर चढतो आणि लिफ्टची वाट पाहतानाच काटा खाली येतो.

तिसरी तक्रार २०२०-२१ च्या साथीपासून चालत आली आहे. त्या काळात व्हेंटिलेटर, ५ आणि १० लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, मॉनिटर, बायपॅप मोठ्या संख्येने आले. काही सरकारी योजनेतून, काही कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, काही दात्यांकडून. ट्रक थेट कोविड वॉर्डाच्या दाराशी लागत होते आणि यंत्रे तशीच आत जात होती. तेव्हा दुसरे काही शक्यही नव्हते. पण साथ ओसरल्यावर कोविड वॉर्ड बंद झाले, यंत्रे जिथे जागा मिळाली तिथे गेली आणि त्यांतल्या बऱ्याच यंत्रांची रीतसर जडवस्तू नोंद आजही झालेली नाही. खरेदी आदेश नाही, म्हणून भांडार विभाग नोंद घेत नाही, आणि नोंद नाही म्हणून देखभाल करारात नाव येत नाही. एकाच वॉर्डात नोंदीतला मॉनिटर ‘हरवला’ म्हणून वसुली निघते आणि नोंदीबाहेरचे दोन मॉनिटर तिथेच रुग्णांना लागलेले असतात. देणगीची वस्तू अंदाजित मूल्य धरून, दात्याच्या पत्राच्या आधारे नोंदवता येते. त्यासाठी आपला एक लेखी आदेश पुरेसा आहे.

दुरुस्तीला गेलेल्या यंत्रांचे हाल याहून वेगळे नाहीत. वॉर्डातून कार्यशाळेत, तिथून कंपनीच्या गाडीतून शहराबाहेर. कार्यशाळेचा जॉब कार्ड क्रमांक वॉर्डाच्या नोंदवहीशी जुळत नाही, कारण दोन्हींत समान असा क्रमांकच नाही. कंपनीने बदली दिलेले यंत्र कोणाच्याच यादीत नसते. परीक्षांच्या काळात रक्तदाब यंत्रे, नी हॅमर, १२८ हर्ट्झचे ट्यूनिंग फोर्क, ऑफ्थाल्मोस्कोप वॉर्डांतून गोळा होतात, आणि शिबिरांसाठी तर ईसीजी यंत्रच जाते. निर्लेखनाच्या (निकामी ठरवून नोंदीतून काढून टाकण्याच्या) प्रतीक्षेत जिन्याखाली पडलेली यंत्रे वर्षानुवर्षे ‘नग’ म्हणून मोजली जातात. दुरुस्तीस, परीक्षेस, शिबिरास, निर्लेखनास आणि उसने या पाचही अवस्थांना आज एकच शब्द आहे : ‘जागेवर नाही’. आणि परिपत्रकाने ‘जागेवर नाही’चा अर्थ ‘हरवले’ असा लावला आहे.

पडताळणीच्या पद्धतीवरही बोलले पाहिजे. या वेळी मोजणी वॉर्डवार, अनेक दिवस चालली. सोमवारी एका वॉर्डात मोजलेला मॉनिटर गुरुवारी दुसऱ्या वॉर्डात पुन्हा मोजला जाऊ शकतो, आणि तिसऱ्या वॉर्डातला मॉनिटर नेमका त्या दिवशी सीटी स्कॅनला गेलेला असल्याने कोठेच मोजला जात नाही. फिरत्या वस्तूंची मोजणी एका दिवसात, सगळ्या वॉर्डांत एकाच वेळी करायची असते. मोजलेल्या प्रत्येक यंत्रावर त्या वर्षाच्या रंगाचा ठिपका लावायचा, म्हणजे दुसऱ्यांदा मोजले जात नाही आणि ठिपका नसलेले यंत्र पुढच्या आठवड्यात कोठेही दिसले की ओळखू येते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये जडवस्तूंच्या साठ्याची पडताळणी वर्षातून किमान एकदा करावी, ती साठ्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या समक्षच व्हावी आणि तफावतीची तातडीने चौकशी व्हावी, असे सांगितले आहे. ते नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, पण त्यातले शहाणपण आपल्यालाही लागू पडते. इथे काही वॉर्डांची मोजणी परिसेविका साप्ताहिक सुट्टीवर असताना झाली. चौकशीचा टप्पा आलाच नाही, थेट वसुलीचा आला.

आणि आता कायद्याचे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांच्या नियम ५ मध्ये वेतनातून वसुली ही शिक्षा म्हणून नमूद आहे. कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे किंवा आदेशभंगामुळे शासनाचे नुकसान झाले असेल, तरच ती लागू होते. किरकोळ शिक्षेसाठीसुद्धा नियम १० प्रमाणे आरोप लेखी कळवून म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ‘यंत्र त्या वॉर्डाच्या नावावर आहे’ एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही. परिपत्रक काढून सरसकट शिक्षा देता येत नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. शिवाय आठ-नऊ वर्षे वापरलेल्या पंपाची किंमत आजच्या नव्या पंपाची धरायची, याला कोणता आधार आहे तेही आम्हाला कळले नाही.

या परिपत्रकाचा परिणाम आठ दिवसांत दिसू लागला. पंप कपाटात गेले. कपाटाला कुलूप लागले. किल्ली परिसेविकेकडे आणि परिसेविका संध्याकाळी घरी. रात्रपाळीच्या सिस्टरला शेजारच्या वॉर्डातून फोन येतो, पंप आहे का, आणि तिला ‘नाही’ म्हणावे लागते. कपाटात पंप आहे हे तिला माहीत असते. आपला पगार कापला जाईल या भीतीने आम्ही हे करतो आहोत, हे आम्ही इथे उघड मान्य करतो आणि त्याची आम्हाला लाज वाटते. कपाटात प्लगला न लावलेल्या पंपाची बॅटरी हळूहळू पूर्ण उतरते, महिन्याभराने बाहेर काढला की पाच मिनिटांत अलार्म देतो. म्हणजे ज्या यंत्राचे रक्षण करायचे तेच निकामी होते. बिघाडाचेही तसेच. पंप खाली पडला, क्लॅम्प तुटला, तर पूर्वी लगेच कळवले जायचे. आता ज्याच्या पाळीत तुटला त्याने गप्प राहून पुढच्या पाळीच्या गळ्यात घालायचा, अशी वृत्ती वाढते आहे. तुटलेला पंप न सांगता रुग्णाला लागणे यापेक्षा वाईट काही नाही.

यावर उपाय महागडा नाही. पिंपरी-चिंचवडच्या किंवा नाशिकजवळच्या अंबडच्या कुठल्याही जुन्या कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलात, तर पद्धत दिसेल : कामगाराच्या नावाचे पितळी बिल्ले असतात, हत्यार घेताना एक बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्यावर अडकतो, हत्यार परत आले की बिल्ला परत. रिकाम्या जागेकडे पाहिले की हत्यार कोणाकडे आहे हे कळते. इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत पंप, मॉनिटर यांसारखी फिरती यंत्रे वॉर्डांना वाटून न देता एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवतात आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी देवघेव करतात. आपल्याला या दोन्हींमधले घेण्यासारखे बरेच आहे. दारादारांत संवेदक बसवण्याचा खर्चिक प्रस्ताव मध्यंतरी चर्चेत होता. तोही यंत्राला आधी क्रमांक दिल्याशिवाय चालणार नाही, म्हणून सुरुवात क्रमांकापासून करावी.

प्रत्येक फिरत्या यंत्राला एक रुग्णालय क्रमांक द्या. तो उत्पादकाच्या अनुक्रमांकाशी एकदाच जोडला की नोंदवही, जॉब कार्ड, देखभाल करार आणि उसनवारीची चिठ्ठी या चारही ठिकाणी तोच चालेल. क्रमांकात वॉर्डाचे नाव घालू नका, वॉर्ड बदलला की क्रमांक खोटा ठरतो. कागदी लेबल स्पिरिटने आठवड्यात जाते, त्यामुळे पॉलिस्टरचे, वर पारदर्शक थर असलेले लेबल घ्या किंवा क्रमांक कोरून घ्या. ते अनुक्रमांकाच्या पट्टीशेजारी लावा. बॅटरीच्या झाकणावर नको, कारण झाकण बदलले जाते, आणि हवेच्या जाळीवर तर मुळीच नको. तोच क्रमांक पॉवर कॉर्डवर, कफवर आणि क्लॅम्पवरही हवा. क्यूआर लावायचा असेल तर जरूर लावा, पण शेजारी डोळ्यांनी वाचता येईल असा आकडा मोठ्या अक्षरात असू द्या. रात्री प्रत्येकाच्या हातात स्कॅन करायला फोन नसतो.

चिठ्ठी तीन प्रतींची असावी. पहिली प्रत यंत्राच्या रिकाम्या जागेवर राहील, दुसरी प्लास्टिकच्या खिशात यंत्राबरोबर जाईल, तिसरी मध्यवर्ती नोंदकक्षात. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, देणारा वॉर्ड, घेणारा वॉर्ड आणि खाट, दिल्याची तारीख आणि वेळ, परतीची अपेक्षित वेळ, जोडसाहित्यापुढे खुणा, बॅटरी चार्ज आहे का, यंत्र पुसून दिले का, सिलिंडर असेल तर दाब, आणि दोन्हीकडच्यांचे नाव व कर्मचारी क्रमांक एवढे हवे. नुसती सही चालणार नाही. आणीबाणीत आधी यंत्र जाईल, चिठ्ठी नंतर होईल, पण ती पाळी संपण्याआधी झालीच पाहिजे. आणि एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा : उसने घेतलेले यंत्र पुढे तिसऱ्या वॉर्डात गेले, तर दुसऱ्या वॉर्डाने नवी चिठ्ठी करून आपली मोकळी करून घ्यावी. शेवटची सही ज्याची, यंत्र त्याच्याकडे. हा एक नियम असता, तर वर सांगितलेला पंप एका फोनवर सापडला असता.

नोंदकक्षात सुरुवातीला संगणकावरचा एक साधा तक्ताही पुरेल. एका हालचालीची एक ओळ असावी, जुन्या ओळीवर नवे लिहू नये, परतीचा रकाना वेगळा असावा. परतीचा रकाना रिकामा आणि अपेक्षित वेळ टळलेली, अशी ओळ आपोआप लाल व्हावी. वॉर्डांची नावे टाइप करायला लावू नका, ठरलेल्या यादीतून निवडायला लावा. ‘एमआयसीयू’, ‘मेडिकल आयसीयू’ आणि ‘मेड. आयसीयू’ असे तिघांनी लिहिले, तर संगणकाला ते तीन वॉर्ड वाटतात आणि महिन्याचा अहवाल चुकतो.

अहवाल म्हणजे काय, तेही ठरले पाहिजे. रोज सकाळी, चोवीस तासांपेक्षा जास्त बाहेर असलेल्या यंत्रांची यादी अधिसेविका (परिचारिकांच्या प्रमुख) यांच्या कार्यालयात आणि जैववैद्यकीय विभागात जावी. हेतू शोधण्याचा असावा, जाब विचारण्याचा नाही. दर आठवड्याला, सात दिवसांवर बाहेर असलेली यादी वैद्यकीय अधीक्षकांकडे जावी. तीस दिवस उलटले, तर उसनवारी संपवून एकतर यंत्र परत करावे किंवा हस्तांतरणाचा आदेश काढून दोन्ही वॉर्डांच्या नोंदवह्यांत बदल करावा. महिन्याच्या अहवालात कोणता वॉर्ड कोणते यंत्र किती वेळा उसने घेतो, ते यावे. एखादा वॉर्ड रोज रात्री पंप मागत असेल, तर त्या वॉर्डाला पंप कमी आहेत. खरेदी प्रस्तावाला यापेक्षा चांगला पुरावा नाही. आज आपण पंपांची मागणी अंदाजाने करतो आणि शासन ती अंदाजानेच कमी करते.

हे चालवायला माणूस लागेल, हे आम्ही लपवत नाही. दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो. म्हणजे रजा आणि सुट्ट्या धरून चार ते पाच जण. हे काम वॉर्डातल्या परिचारिकेच्या डोक्यावर टाकले, तर चिठ्ठ्या पहिल्या पंधरवड्यातच बंद पडतील, कारण रुग्ण आणि चिठ्ठी यांत ती रुग्णालाच निवडेल आणि तिने तेच करावे.

महोदय, आमच्या मागण्या अशा आहेत.

१. वसुलीचे परिपत्रक मागे घ्यावे. ज्यांच्या पगारातून कपात सुरू झाली आहे ती थांबवावी आणि कापलेली रक्कम परत करावी. कोणाच्या वैयक्तिक हयगयीचा पुरावा असेल, तर नियमाप्रमाणे लेखी नोटीस द्यावी. तिला उत्तर द्यायला आम्ही तयार आहोत.

२. तीस दिवसांच्या आत, एकाच दिवशी, सर्व वॉर्ड, शस्त्रक्रियागृहे, अतिदक्षता विभाग, कार्यशाळा आणि भांडार यांची मोजणी संबंधित परिसेविकेच्या समक्ष व्हावी. अहवालात कमी आणि जास्त असे दोन रकाने असावेत आणि तो अहवाल सूचनाफलकावर लावावा.

३. साथीच्या काळातली देणगीची यंत्रे याच मोजणीत नोंदवून घ्यावीत आणि त्यांची नावे पुढच्या देखभाल करारात घालावीत.

४. क्रमांक आणि चिठ्ठीची पद्धत आधी सिरिंज पंप, इन्फ्यूजन पंप, मॉनिटर, बी टाईप सिलिंडर आणि ईसीजी यंत्रे या पाच प्रकारांना लागू करावी. सगळे एकदम सुरू केले, तर काहीच नीट होणार नाही. या पाचांचा तीन महिन्यांचा अनुभव पाहून पुढे जावे.

५. रात्री किल्ली लागणार नाही अशी, चोवीस तास उघडी असलेली मध्यवर्ती उपकरण खोली द्यावी. सुरुवातीला प्रत्येक मोठ्या वॉर्डाने एक पंप तिच्यात ठेवावा. खोलीत पुरेसे प्लग असावेत, ठेवलेली यंत्रे सतत चार्जिंगला असली पाहिजेत. जुन्या कोविड वॉर्डाच्या तळमजल्यावरची, लिफ्टशेजारची खोली रिकामी आहे.

६. त्याच पाळीत कळवलेल्या तुटफुटीची वसुली होणार नाही, असा लेखी आदेश काढावा.

आम्हाला उत्तर लेखी हवे आहे आणि पंधरा दिवसांत हवे आहे. चर्चेला बोलावलेत, तर आम्ही नोंदवह्या, आमच्याकडच्या वह्या आणि चिठ्ठीचा तयार नमुना घेऊन येऊ. चार वॉर्डांच्या परिसेविकांनी तो नमुना आपापल्या वॉर्डात वापरायला सुरुवात केली आहे आणि आजपासून आमच्या कपाटांच्या किल्ल्या रात्रपाळीच्या सिस्टरकडे राहतील. परिपत्रक मागे घेतले जावो वा न जावो, पंप मागितला की तो मिळेल.

आपल्या विश्वासू,
रुग्णालयातील परिसेविका, अधिपरिचारिका आणि जैववैद्यकीय तंत्रज्ञ

प्रत माहितीसाठी : मा. वैद्यकीय अधीक्षक, मा. अधिसेविका, मा. भांडार अधिकारी